दुपारी चारची मोकळी हवा

१२ फेब्रुवारीला पॉलिशवाल्याने घराच्या शेवटच्या हप्त्याचे दोन लाख सोळा हजार चारशे रुपये बँकेत भरले, पावती खिशात घातली आणि त्याच दिवशी बायकोला घेऊन शहराबाहेरच्या टेकडीवर त्या घरात राहायला गेला.

लाकडी सामानाला पॉलिश करण्यात त्याचा जन्म गेला होता. हमरस्त्याला लागून कारखाना आणि कारखान्यावरच्या माळ्यावर बिऱ्हाड. बायकोला दमा. ट्रकांचा धूर खिडकीतून सरळ अंथरुणापर्यंत यायचा. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला लागली तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं, की आता कमाई करायची ती बायकोच्या श्वासासाठी.

टेकडीवर धूर नव्हता, हॉर्न नव्हते. आभाळ कुणी धुऊन वाळत घातल्यासारखं. पहिले काही आठवडे बायको खरंच बरी होती, आणि पॉलिशवाल्याच्या तोंडात मोकळ्या हवेशिवाय विषय नव्हता. कारखान्याशेजारचा स्कूटर मेकॅनिक तर त्याला 'हवाशेठ' म्हणू लागला. हवाशेठ रोज दुपारी चारला कारखान्यातून घरी फोन लावायचे आणि विचारायचे, गॅलरीत बसलीस का? सहापर्यंत तिने बाहेर बसायचं, असा त्यांचा नियमच होता. एवढी हवा विकत घेतली, ती वाया कशाला घालवायची?

ऊन तापू लागलं आणि बायकोची छाती पुन्हा भरू लागली. सकाळी ती ठणठणीत असायची. दुपार कलली की घसा खवखवायचा, मग खोकला, मग दम्याचा पंप. पॉलिशवाल्याला चैन पडेना. आधी त्याने उशा बदलल्या, मग पडदे काढले. गॅलरीवरची वेल त्याला संशयित वाटली, ती मुळासकट उपटली. भिंतीचा रंग नवीन आहे म्हणून एका रविवारी तो भिंतींना नाक लावून घरभर फिरला. बायको नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, चोर सापडला की सांगा, चहा टाकते.

डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि विचारलं, रोज चारच्या सुमाराला नेमकं काय होतं? ती म्हणाली, "चारला यांचा फोन येतो." डॉक्टर हसले. पॉलिशवाल्याला हसू आलं नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती धाप लागून गॅलरीतच खाली बसली. संध्याकाळी तो घरी आला तर पलंगावर बॅग भरलेली. तिने शांतपणे सांगितलं, की रविवारपर्यंत बघते, नाहीतर लेकीकडे जाते. परत कधी येणार हे त्याने विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याची त्याला धास्ती होती. ज्या माणसासाठी घर घेतलं ते माणूसच निघालं, तर त्या घराला काय ओवाळायचं?

त्याने मेहुण्याला बोलावून घेतलं. हा बायकोचा धाकटा भाऊ हवा तपासणाऱ्या खात्यात होता. कारखान्यासमोरच्या चौकात खात्याचं यंत्र होतं आणि त्यावर आकड्यांची पाटी. ते यंत्र पुसणं, जुळवणं, चालू ठेवणं हे त्याचं काम. पॉलिशवाल्याने दारातच त्याला धारेवर धरलं. तुझी पाटी रोज 'हवा समाधानकारक' म्हणते आणि इथे तुझ्या बहिणीला श्वास पुरत नाही, मग तुमचं खातं पगार कसला घेतं?

मेहुणा चिडला नाही. म्हणाला, पाटी खोटं बोलत नाही, ती फक्त चौकापुरतं बोलते. पिशवीतून त्याने खात्याचं एक छोटं यंत्र काढलं आणि गॅलरीत ठेवलं. सकाळी आकडा खाली होता. बारानंतर चढू लागला. चारला तो चौकातल्या आकड्याच्या दुपटीच्या वर गेला. पॉलिशवाला यंत्राभोवती घिरट्या घालत होता. समोर आभाळ निळं, झाडाचं पान स्वच्छ, आणि आकडा चढतोच आहे. एकदा त्याने यंत्रावर टिचकीही मारून बघितली.

मग मेहुण्याने त्याला समजावलं. ओझोन म्हणून एक वायू असतो. उंच आभाळात तो आपल्याला उन्हापासून राखतो, पण खाली नाकाशी आला की छाती जाळतो. तो कुठल्या धुराड्यातून बाहेर पडत नाही. गाड्यांचा धूर आणि पेट्रोलची, रंगाची वाफ कडक उन्हात एकत्र आली की तो वाटेतच तयार होतो. चौकात गाड्यांचा ताजा धूरच त्याला खाऊन टाकतो, म्हणून तिथे आकडा कमी. अर्थात तो धूरही काही औषध नव्हे. दुपारचा वारा शहराकडून टेकडीकडे येतो, म्हणून इथे जास्त. आणि नियमाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीवर बघतात. टेकडीवर ती ओलांडली जात असेलही, पण इथे खात्याचं यंत्रच नाही, तर ओलांडली असं म्हणणार कोण?

"रंगाची वाफ म्हणजे?" पॉलिशवाल्याने विचारलं.

"स्प्रे गन धुतलेलं थिनर तुम्ही कुठे टाकता, भाऊजी?"

"कारखान्याच्या अंगणात. तापलेल्या फरशीवर. क्षणात उडून जातं, डाग राहत नाही."

"उडून जातं म्हणजे कुठे जातं?"

उत्तरही मेहुण्यानेच दिलं. "सकाळी तुम्ही ओतता, दुपारी इकडे पोचतं. तुमच्याआधी घरी येतं ते."

बायको खिडकी लावत होती. वळून म्हणाली, "आणि हे फोन करून विचारतात, मिळालं का म्हणून."

मेहुणा खो खो हसला, मग भाऊजींचा चेहरा बघून सावरला. म्हणाला, एकट्या तुमच्या थिनरने काही झालेलं नाही. शहरात पेट्रोल पंप आहेत, छापखाने आहेत, हजारो गाड्या आहेत. तुम्ही उद्या दुकान बंद केलंत तरी आकडा हलणार नाही. पॉलिशवाल्याला हे पटलं, पण त्याने समाधान झालं नाही. ती रात्र त्याने कूस बदलत काढली.

बायको गेली नाही. बॅगेतले कपडे तिने कपाटात लावले, बॅग मात्र माळ्यावर न टाकता पलंगाखाली ठेवली. आता ती सकाळी फिरून येते, अकरानंतर खिडक्या बंद, गॅलरी बंद. डॉक्टरांनी रोजचा नवा पंप दिला आहे. खोकला कमी आहे, गेलेला नाही. टेकडीवर यंत्र बसवावं असा अर्ज पॉलिशवाल्याने खात्याला दिला. तो फिरत फिरत मेहुण्याच्याच टेबलावर आला आणि तिथून वर गेला. पुढे काय झालं ते कुणाला ठाऊक नाही.

स्प्रेचं काम तो आता ऊन उतरल्यावर करतो. पॉलिश वाळायला वेळ लागतो, गिऱ्हाईक कुरकुरतं. एका हॉटेलच्या खुर्च्यांचं काम त्यामुळे हातचं गेलं. चार वाजले की त्याचा हात अजून फोनकडे जातो. तो फोन उचलतो, ठेवतो आणि अंगणात येऊन टेकडीच्या दिशेने बघत उभा राहतो. आभाळ निळंच असतं. वापरलेलं थिनर तो फरशीवर ओतत नाही. घट्ट झाकणाच्या पिंपात साठवतो आणि गाळ बसला की वरचं पुन्हा गन धुवायला घेतो.

पिंप शेजारच्या मेकॅनिककडून घेतलं. त्याचे एकशे चाळीस रुपये द्यायचे राहिले आहेत.