स्नायूत सापडलेला स्नायू

फोन आला तेव्हा मी मल्लेश्वरमच्या मेट्रो स्थानकाचा जिना चढत होते. सुनंदाअक्कांचे यजमान, दत्ताअण्णा, एवढंच म्हणाले, "अक्का गेली गं..." त्याला आता सहा आठवडे होतील.

अक्का मूळच्या निपाणीच्या. बेंगळुरूतल्या एका संशोधन संस्थेत जनुकांच्या माहितीचा अर्थ लावण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. मी पुण्याची, आयटीतली नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली आलेली. पहिल्याच दिवशी 'मॅडम' म्हटलं, तर म्हणाल्या, "मॅडम बँकेत असतात. मला अक्का म्हण."

स्नायू दुबळे होण्याच्या एका आजारावर आमचं काम चाललं होतं. रुग्णांच्या मांडीतल्या स्नायूचे नमुने तपासून, त्यांच्यात निरोगी माणसांपेक्षा कोणती जनुकं जास्त सक्रिय आहेत याची यादी मी काढली. ही जनुकं शरीराच्या कोणत्या भागाची खास आहेत, असं संगणकाला विचारलं. उत्तर आलं, स्नायू! आलेखातला तो एकच स्तंभ ताडासारखा उभा. विभागप्रमुख खूश झाले, परिषदेसाठी पोस्टर छापायला गेलं. मी हवेतच होते.

अक्कांनी आलेख पाहून चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, स्नायूचा तुकडा घेतलास, त्यात स्नायू सापडला. नवल ते काय?"

"पण अक्का, आकडा बघा ना किती मोठा आहे!"

"आकडा खराच आहे. तुलना कशाशी केलीस?"

मी शरीरातल्या झाडून सगळ्या जनुकांशी केली होती. त्यांतली कितीतरी स्नायूत गप्पच असतात. ती माझ्या यादीत येणार तरी कशी? म्हणजे स्नायूतली कुठलीही यादी दिली असती, तरी उत्तर 'स्नायू'च आलं असतं. "स्नायूत जेवढी मोजता आली, तेवढ्यांशीच कर," अक्का म्हणाल्या. केली. तो उंच स्तंभ बाकीच्यांच्या ओळीत येऊन बसला. आजाराबद्दल मला काहीच सापडलं नव्हतं.

मला रडू फुटलं. अक्कांनी मला कॅन्टीनमध्ये नेलं, "स्वल्प कॉफी घे" म्हणून पेला पुढे केला आणि मग सांगितलं, की तरुणपणी अशीच चूक त्यांनी चक्क छापून आणली होती. दोन वर्षांनी लक्षात आल्यावर स्वतःच नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं.

"कोणी पकडलं नव्हतं, तरी?"

"मी पकडलं की!"

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर प्रमुखांकडे आल्या. ते चिडले, पोस्टर मागे घेतलं गेलं. अक्का शांतपणे एवढंच म्हणाल्या, "हिनं परत मोजलं, म्हणून कळलं."

आधाराशिवाय ही बाई एक वाक्य बोलायची नाही... या वर्षी त्या स्वतः आजारी पडल्या. दवाखान्यात अण्णा औषधं आणायला खाली गेले होते, तेव्हा त्यांनी आपला अहवाल माझ्यासमोर ओळ न् ओळ वाचला आणि घडी घालून उशीखाली ठेवला. काय ते दोघींनाही कळलं होतं. अण्णा वर आले, म्हणाले, "बरी होशील ना गं?"

"होईन की," अक्का म्हणाल्या.

मागच्या रविवारी बनशंकरीला त्यांच्या घरी गेले होते. अक्कांच्या खोलीत, त्यांच्या टेबलाशी अण्णा बसले होते. मला म्हणाले, "बरी होईन म्हणाली होती बघ. ती उगीच काही बोलायची नाही. तिला तसं वाटलंच असेल, नाही?"

मी म्हणाले, "हो अण्णा. वाटलंच असेल."