बंगल्याचं पाणी आणि जुनी साइट

आधी त्या बाईंचं सांगतो. तळेगावच्या. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेल्या, आणि पंप, नळ, मोटर यांच्या प्रश्नांसाठी एक जुनी मराठी साइट पदरमोड करून चालवणाऱ्या. त्या साइटवर ना जाहिराती, ना लाइक. त्यांना मी अजून पाहिलेलं नाही. पण आमची खोली राहिली ती त्यांच्यामुळे.

मी सांगलीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि द्राक्षबागेत औषध मारायला लागलो. आता वलवणला एका बंगल्याची राखण करतो, मागच्या खोलीत बायकोसोबत राहतो. तिला सातवा लागला होता. तेव्हाच मालकाचा फोन आला, शनिवारी पाहुणे येतायत, पूल चकाचक पाहिजे. स्विमिंग पुलाचं पाणी शेवाळून हिरवं झालेलं. बागेत बुरशीवर मारायचो तेच केलं, मोरचूद आणि चुना कालवून ओतला. सकाळी पाहतो तर पाणी निळसर, दुधाळ. पहिली पायरीसुद्धा दिसेना.

बंगल्याचे माळी, गावातलेच आबा, काठावर येऊन उभे राहिले.

"आरं, ह्यो पूल हाय का ताकाचा माठ?"

"आबा, हसू नका."

"हसत न्हाई. मालक हाकलंल तुला. मागच्या राखणदाराचं बोचकं फाटकाबाहेर ठेवलं हुतं, मी बगितलंय."

फोनवरच्या मोठ्या ग्रुपवर फोटो टाकला, काय ओतलं तेही लिहिलं. लोक पोट धरून हसले. एकाने लिहिलं, द्राक्षं पिकली की कळवा. दुसऱ्याने सांगितलं, अ‍ॅसिड ओत. केमिकल विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. दुपारपर्यंत माझा प्रश्न लोकांच्या वाढदिवसाच्या केकांखाली गेला, मलाही सापडेना. बायको विचारत होती, जेवत का नाही? पित्त झालंय म्हटलं. हिला या अवस्थेत घेऊन जायचं कुठं, एवढंच डोक्यात. अ‍ॅसिडचा कॅन काठापर्यंत आणला होता.

मग ती साइट आठवली. बागेतल्या पाण्याच्या मोटरचं काम शिकताना सायबर कॅफेत बसून वाचायचो. हातात मोठा फोन आला आणि सुटली. उघडली तर पान तसंच, माझे जुने प्रश्नही जागेवर. तिथला रिवाज असा, की काय बिघडलं ते नंतर, आधी आपण काय काय केलं ते क्रमाने लिहायचं. लाज वाटत होती, तरी लिहिलं. मोरचूद किती, चुना किती, पंप चालू होता का. शेवटी विचारलं, आता अ‍ॅसिड ओतू का?

चहाच्या वेळेला बाईंचं उत्तर आलं.

"दादा, अ‍ॅसिड अजिबात नको. मोरचुदातलं तांबं परत पाण्यात विरघळेल, मग निघणं अवघड. पंप बंद करा. तुरटी विरघळवून टाका, पाणी ढवळू नका, गाळ तळाला बसू द्या. तो फिल्टरमधून न नेता थेट बाहेर ओढा. ओढ्यात सोडू नका, खाली गुरं पाणी पितात. कडेला खड्डा करा. आणि जेवलात का?"

तो शेवटचा प्रश्न वाचल्यावर बायकोला सगळं सांगून टाकलं.

खड्डा खणायला आबा आले. "तुजी बाई लय हुशार दिसती."

"माझी कुठली, आबा. साइटवरची."

"मंग इचार तिला, माज्या गुडघ्याला काय लावू."

तुरटी टाकली, पंप बंद ठेवला. सारखा काठावर जाऊन वाकून बघायचो. शुक्रवारी गाळ खड्ड्यात ओढून काढला आणि तळाच्या फरश्या दिसल्या. शनिवारी मालक आले, पुलाकडे नजर टाकली आणि म्हणाले, खुर्च्या पुसल्या नाहीस का?

बाईंना विचारलं, तुमच्यासाठी काय करू? त्यांनी लिहिलं, "काही नको. डोळ्यांनी आता फार वेळ वाचवत नाही. बरेच प्रश्न तसेच पडून राहतात, तेवढंच वाईट वाटतं."

तेव्हापासून धास्ती आहे, ती साइट बंद पडली तर माझ्यासारख्याने विचारायचं कुणाला? मोठा ग्रुप मी काढून टाकला. मला धड लिहिता येत नाही, चार ओळींना घाम फुटतो. पण बाई, मोटरचे प्रश्न मी घेईन. लगेच नाही जमणार, जरा हात बसू द्या. तुमचं हे मी फेडणार.