उशिरा कबूल केलेलं पाप

माझे वडील कंपाउंडर होते. पाटणच्या अलीकडे, कोयनेच्या काठी मिशनचा एक लहान दवाखाना होता. पुढे पडवी, मधे औषधांची खोली आणि मागच्या अंगाला आमचं बिऱ्हाड. डॉक्टरसाहेब आठवड्यातून एकदा साताऱ्याहून मोटारीनं यायचे. बाकीचे दिवस सगळा दवाखाना बाबांच्या अंगावर असे.

औषधं द्यायच्या आधी बाबा पडवीत जमलेल्या माणसांना थोडा वेळ उपदेश करत. विषय बहुधा एकच. माणूस पापी आहे, पश्चात्तापाला वेळ आहे तो इथंच, श्वास चालू आहे तोवर. एकदा पलीकडे गेलं की दार बंद, आणि मग न विझणारी आग. लोक मुकाट्यानं ऐकून घेत, कारण औषध त्यानंतर मिळायचं. पण बाबा ते केवळ सांगायचं म्हणून सांगत नव्हते. नरक त्यांच्या लेखी साताऱ्याइतकाच खरा होता. फक्त तिकडून परतीची मोटार नव्हती.

लढाईची वर्षं होती. नेहमीच्या ठिकाणची औषधं येईनाशी झाली होती. ज्या बाटल्या यायच्या त्या निराळ्या आकाराच्या, निराळ्या चिठ्ठ्यांच्या. अफूचे दोन अर्क दवाखान्यात असत. एक कापूर घातलेला, अगदी सौम्य, लहान मुलांच्या खोकल्यावर आणि जुलाबावर द्यायचा. दुसरा नुसता, कडक, मोठ्या माणसांना मोजके थेंब द्यायचा. त्या वर्षी दोन्ही सारख्याच तपकिरी बाटल्यांतून आले.

एके दिवशी दुपारी एक तरुण बाई कडेवर वर्षा-दीड वर्षाचं पोर घेऊन आली. पोराला खोकला होता, पोट बिघडलं होतं. ती तीन कोसांवरच्या गावातून चालत आली होती. बाबांनी पोराला तपासलं, औषध बनवलं, बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून तिला मात्रेच्या खाचा पाडल्या आणि बाईला दोनदा समजावून सांगितलं. मी त्या वेळी पंधरा वर्षांची होते. पोर माझ्याकडे बघून हसलं, एवढं मला आठवतं.

संध्याकाळी बाबा कपाट आवरत होते. मी आईबरोबर मागे होते. एकाएकी त्यांनी सायकल बाहेर काढली आणि काही न बोलता निघून गेले. आई म्हणाली, "कुठं निघाले हे दिवेलागणीला?" अर्ध्या-पाऊण तासानं ते परत आले. चाक पंक्चर झालं म्हणाले. सायकल त्यांनी स्वतःच आत ठेवली. जेवले नाहीत.

आठ-दहा दिवसांनी एक म्हातारा शेतकरी औषधाची रिकामी बाटली परत करायला आला. बाटल्यांची चणचण होती, म्हणून त्या परत आणायला सांगत. त्यानं ती स्वच्छ धुऊन आणली होती. मी पडवीत बाबांना चहा द्यायला गेले होते.

"पोर कसं आहे?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"ग्येलं की," म्हातारा म्हणाला. "त्याच दिशी. तुमच्या औशदाचा काय दोष न्हाई, कंपौंडरसायेब. सुनंनं आमच्या अफू चारली. पोर रडतंय, काम करू देत न्हाई म्हून चारली आसंल. झोपलं ते उटलंच न्हाई. डोळ्याच्या बाहुल्या मोहरीयेवड्या झाल्या हुत्या. आमाला काय कळत न्हाई व्हय अफू?"

"ती काय म्हणते?"

"म्हंती, न्हाई चारली. दुसरं काय म्हननार? म्हायेरी पाटवून दिली तिला. तोंड बगू वाटंना आमाला."

बाबांनी हात पुढे करून बाटली घेतली. म्हातारा नमस्कार करून गेला. बाबांनी चहाला हात लावला नाही. मला वाटलं, त्यांना पोराचं वाईट वाटतंय.

त्यानंतर त्यांनी पडवीतला उपदेश बंद केला. घसा दुखतो म्हणायचे. वर्षाच्या आत बदली मागून घेतली आणि आम्ही सांगलीला आलो. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात ते औषधं द्यायचं काम करत. एकेक चिठ्ठी तीन-तीनदा वाचत. रांगेतले लोक कावत. मी शिक्षिकेचं शिक्षण पुरं करून मिशनच्या शाळेत लागले. रविवारी चर्चला जात होतो. घर तसं चाललं होतं.

लढाई संपून दोन-एक वर्षं झाली असतील. एका रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. चर्चच्या पाळकांनी उपदेशात सांगितलं की ज्याचं आपण वाईट केलं असेल त्याच्याशी आधी समेट करावा, मग देवाकडे यावं. भाकर वाटायची वेळ आली तेव्हा बाबा उठले आणि सगळ्या मंडळीदेखत बाहेर निघून गेले. आम्ही घरी आलो तर ते खाटेवर बसले होते. त्यांनी आईला आणि मला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. कपाट आवरताना कडक अर्काची बाटली सौम्य अर्काच्या जागी दिसली, तेव्हाच त्यांना कळलं होतं. सायकलवरून ते त्या बाईच्या गावाच्या वाटेवर, नदी ओलांडायच्या उतारापर्यंत गेले होते. पंक्चर वगैरे काही झालं नव्हतं.

"चूक झाली होती, पाप नव्हतं," ते म्हणाले. "उतारावर उभा राहिलो तोवर पाप नव्हतं. मग मनात आलं, पोर गेलं असेल तर लोक मला मारतील. नसेल गेलं तर उगीच बोभाटा, मिशनचं नाव जाईल. आयुष्यभर लोकांना सांगितलं, मागे फिरा. मी त्या दिवशी फिरलो, पण उलटा."

आई रडत म्हणाली, "देवाला सांगितलंत ना? मग झालं. त्यानं क्षमा केली."

"देवाला रोज सांगतो. तिला कुठं सांगितलंय?"

कोयनेकडचा रोगी दवाखान्यात आला की बाबा त्या बाईची चौकशी करू लागले. शेवटी एकाकडून कळलं, ती पलूसजवळच्या गावात भावाकडे राहते. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं सर्व्हिस मोटारीनं पलूसला गेलो. आईनं मला मुद्दाम बरोबर धाडलं होतं. पुढे उसाच्या फडांमधून चालत गेलो. ऊन चढलं होतं.

ती गोठ्याजवळ शेणी लावत होती. भाऊ, भावजय रानात होते. तिची पंचविशीही उलटली नसेल, पण केस पिकायला लागले होते. तिनं बाबांना ओळखलं नाही. बाबांनी दवाखान्याचं नाव घेतल्यावर तिचे हात थांबले.

बाबांनी उभ्यानंच सांगितलं. काही झाकलं नाही. बाटली कशी बदलली, त्यांना कधी कळलं, ते कुठपर्यंत आले आणि कुठून परतले, तिचा सासरा बाटली घेऊन आला तेव्हा ते कसे गप्प राहिले. तिचे हात शेणानं भरलेले होते, ते तिनं तसेच पुढे धरून ठेवले होते.

"म्हंजी म्या चारली न्हवती," ती म्हणाली.

"नाही, बाई."

"मलाबी वाटाया लागलं हुतं, म्याच चारली आसंल म्हून. समदी म्हनायची. माजी आयबी म्हनायची, चारली आसशील तर सांगून टाक. म्या आयला सांगितलं, व्हय, चारली. ती मराया टेकली हुती, तिच्या जिवाला बरं वाटावं म्हून सांगितलं." मग तिनं विचारलं, "त्या सांजच्याला तुमी आला आसता तर?"

मला वाटलं, बाबा आता काहीतरी मऊ बोलतील. ते म्हणाले, "कदाचित वाचलं असतं. उलटी करवली असती, जागं ठेवलं असतं. सांगता येत नाही. पण कदाचित वाचलं असतं."

ती खाली बसली. बाबाही तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि हात जोडून म्हणाले, "मला क्षमा करा."

"मापी कुनाला पायजे? तुमाला न्हवं?" ती ओरडली नाही. "इतकी वरसं देवानं न्हेलं म्हनत हुते. माजी चूक आसंल, न्हाईतर देवाची. आता तुमी येऊन सांगताय ह्ये. मालकानं दुसरी केली, तिला दोन पोरं झाली. सासरा मेला, आय मेली. आता कुनाला सांगू, न्हवती चारली म्हून?"

"मी सांगतो. तुमच्या सासरी जाऊन सांगतो. इथं तुमच्या भावाला सांगतो."

"तवा सांगायचं हुतं." मग ती माझ्याकडे वळली. "पोरी, उनाची आलीयास. पानी पी."

तिनं हात धुतले, आतून तांब्या आणला आणि वरून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. आम्ही मूळचे कुठल्या जातीचे, हे गावातल्या माणसांना बघताच कळायचं. मी प्याले. बाबांकडे तिनं पाहिलं, क्षणभर थांबली आणि तांब्या घेऊन आत गेली. दार लावलं नाही, पण परत बाहेरही आली नाही. आम्ही थोडा वेळ थांबून निघालो.

बाबा कबूल केल्याप्रमाणे तिच्या सासरी जाऊन आले. एकटेच गेले. तिच्या नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आवं, झालं त्ये झालं. आता माज्या चुलीत कशाला पानी वतताय?" पलूसच्या भावानं पत्राला उत्तर दिलं नाही. सांगलीच्या दवाखान्याच्या साहेबांनाही बाबांनी लेखी कळवलं. साहेब म्हणाले, इतक्या वर्षांनी काय करायचं, आणि तो कागद त्यांनी फाईलला लावला. कुणीही त्यांना शिक्षा केली नाही.

पाळक दोन-तीनदा घरी आले. भले गृहस्थ होते. म्हणाले, "भाऊ, प्रभूच्या रक्तानं धुतलं जात नाही असं पाप नाही. तुम्ही कबूल केलंत, पश्चात्ताप केलात. आता संशय धरणं हेच पाप."

"मी तिच्यासाठी गेलो नव्हतो हो," बाबा म्हणाले. "नरकाच्या भीतीनं गेलो. मला सुटायचं होतं म्हणून गेलो आणि तिच्याजवळ जे थोडंबहुत होतं, देवानं नेलं म्हणायचं, तेही काढून घेतलं. ह्याला पश्चात्ताप म्हणतात का, तुम्हीच सांगा."

पाळकांनी प्रार्थना केली. बाबा डोळे मिटून बसले, पण शेवटी आमेन म्हणाले नाहीत. प्रभुभोजन त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं पोट फुगू लागलं, पाय सुजले. डॉक्टरांनी काळीज गेलंय म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवशी सकाळी शुद्ध चांगली होती. आईनं त्यांचा हात धरला होता. ख्रिस्ती माणसाच्या घरी शेवटी जे विचारतात ते तिनं विचारलं, "मनात शांती आहे ना?"

ती नुसतं 'हो' ऐकायला बसली होती. बाबांना खोटं बोलायचं नव्हतं, त्या दिवशी तर नाहीच. ते म्हणाले, "नाही."

"प्रार्थना करू?"

"त्या बाईसाठी कर."

आईला प्रार्थना करता येईना. मी केली. ती संपायच्या आत त्यांना धाप लागली आणि तासाभरात सगळं आटोपलं.

आई त्यानंतर पंधरा वर्षं जगली. तिची श्रद्धा काही सुटली नाही, आणि त्याचाच तिला त्रास झाला. ज्याची श्रद्धा नाही त्याला मेलेलं माणूस मेलेलं असतं. ती भाजी निवडताना मधेच थांबायची आणि मला विचारायची, "आत्ता ते कुठं असतील गं?" मी शाळेत मुलांना पश्चात्तापाचा पाठ दर आठवड्याला शिकवत होते. आईला मात्र मी म्हणायची, "मला माहीत नाही." पहिली दोन-तीन वर्षं तिनं विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं.

पलूसला मी एकदा एकटी गेले होते. ती बाई तिथं नव्हती. भावजय म्हणाली, बाबा येऊन गेल्यावर थोड्याच दिवसांनी ती घरातून गेली. कुठं, ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी फारसा शोधही घेतला नव्हता.