मे महिन्याचं मैदान

आमची शाळा खांदा कॉलनीत भाड्याच्या इमारतीत भरायची, आणि मी तिची मुख्याध्यापिका. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा मालक म्हणाले, "बाई, हे वर्ष संपवा आणि निघा." निघा म्हणे! पोरं काय पिशवीत भरून न्यायची होती? जवळच एक भूखंड मोकळा पडला होता. शहराच्या विकास आराखड्यात त्यावर बाजाराचं आरक्षण होतं, पण तिथे आजवर कोथिंबिरीची जुडीसुद्धा विकली गेली नव्हती. आरक्षण बदलून शाळेचं झालं तर जागा आम्हाला मिळणार होती, नाहीतर शाळेला कायमचं टाळं. मी अर्ज ठोकला. वर्तमानपत्रात नोटीस आली, हरकती मागवल्या गेल्या, आणि अशा आल्या की विचारू नका.

भूखंडाच्या एका बाजूला सोसायट्या, दुसऱ्या बाजूला जुनं आगरी गाव. सोसायटीचे सेक्रेटरी मला गाठून म्हणाले, "मॅडम, शाळेला विरोध नाही हो, पण स्कूलबसच्या गर्दीचं आणि आवाजाचं काय? आधीच न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर आमच्या रस्त्यात घुसतात." माणूस कटकट्या, पण मुद्दा खरा होता. मी आर्किटेक्टला बसवून गेट मागच्या रस्त्याला घेतलं आणि बसगाड्या कंपाउंडच्या आत उभ्या राहतील असा नकाशा करून घेतला. तो पाहून सेक्रेटरी खुलले. हळूच म्हणाले, "आणि एक बरं होईल. भिंत झाली की त्या भूखंडावरचे गावाच्या हळदीचे डीजे कायमचे बंद!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. गावाचीही हरकत आली होती, सोसायटीच्या अर्जाची हुबेहूब नक्कल, कारण तेच: ध्वनिप्रदूषण. हळदीला भिंती हादरवणाऱ्या गावाने ध्वनिप्रदूषणाची तक्रार करावी, म्हणजे कमालच झाली! सरकारी कागदावर हळद कशी लिहायची, म्हणून शेजाऱ्यांचंच कारण उचललं होतं त्यांनी.

मी तडक गावात गेले. अर्जावर पहिला अंगठा एका आजींचा होता. त्या ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या.

"आजी, आवाजाचा त्रास होतो म्हणे तुम्हाला?"

त्या आधी खो खो हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "बाई, लगीन हॉलमदी होतं, पन हलद आपल्या दारात लागते. सगला गाव जेवतो. आता घराला घर लागलंय, आंगन उरलं नाय. मांडव तितंच पडतो. ती जमीन आमचीच व्हती, भात पिकवायचो आमी. शाला झाली तर माज्या नातीची हलद कुटं लावू, रस्त्यावर?"

मला भरून आलं, पण रडत बसायची माझी जात नाही. "मे महिन्यात शाळेला सुट्टी असते," मी म्हटलं. "इमारत कडेला बांधते, मैदान गावाकडच्या बाजूला ठेवते. मे महिन्यात ते तुमचं. पण डीजे दहाला बंद. एक मिनिट जास्त नाही."

"साडेधा करा की."

"दहा!"

"बरं बाई, धा," म्हणत त्या पुन्हा सुकट निवडू लागल्या.

सुनावणीला सगळे जमले. मी उभी राहून मैदानाचा शब्द सर्वांसमोर मोठ्याने सांगितला. सेक्रेटरी ताडकन उठले, "मग आमची हरकत कायम!" मीही चढ्या आवाजात म्हटलं, "अहो, दहाला बंद होणारा डीजे चालत नाही, मग इथे खरंच बाजार भरला तर वर्षभराचा गोंगाट चालेल का?" ते पुटपुटत खाली बसले. पण अधिकाऱ्यांनी मान हलवली. "मॅडम, हळदीची अट आरक्षणाच्या आदेशात लिहिता येत नाही. अशी तरतूदच नाही."

झालं! गाव आता हटून बसणार, आणि शाळेला टाळं लागणार, असं मला वाटलं. पहिल्यांदाच.

आजी पदर सावरत उठल्या. "नका लिवू, सायेब. शहरासाटी आमची जमीन गेली तवा आमाला सगलं लिवूनच दिलं व्हतं, त्यातलं मिललं किती? बाई चारचौघांत तोंडानं बोलल्या, तेवढं बास हाय." आणि त्यांनी गावाची हरकत मागे घेतली.

शाळा उभी राहिली, दिमाखात राहिली. नातीची हळद त्या मैदानावरच लागली, आणि आजींनी भर मांडवात माझे दोन्ही गाल पिवळे केले. आता शाळा चालवणाऱ्या संस्थेवर नवी मंडळी आली आहेत. त्यांना मैदानावर हिरवं टर्फ अंथरून मे महिन्यात गेटला कुलूप लावायचं आहे. परवाच्या मीटिंगमध्ये एकाने मला विचारलं, "मॅडम, मैदान गावाला द्यायचं असं लिहिलंय कुठे?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "म्हणूनच तो शब्द मोडता येणार नाही."