सिस्टरबाईंच्या गाड्यांची स्थळं

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, अक्षर तर कोंबडी पाय उमटवत गेल्यासारखं आहे, ते सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी पक्की सांगते, प्रवरेचे दोन्ही काठ पालथे घातले तरी आमच्या शेजारच्या, दवाखान्यात नर्स असलेल्या सिस्टरबाईंसारखी बाई सापडायची नाही. कोल्हारला रेल्वे नाही. पण सिस्टरबाईंच्या क्वार्टरमध्ये होती. ती स्वयंपाकघरातून निघायची, पलंगाखालून जायची आणि येशूच्या तसबिरीखाली येऊन थांबायची. बोटभर उंचीचे डबे, पण दारं सगळी उघडायची. पलंगाखालचा बोगदा मोडलेल्या हाताला लावतात त्या प्लास्टरचा, सिग्नल घसा बघायच्या चपट्या काड्यांचे आणि झाडं म्हणजे हिरव्या रंगात बुचकळलेला कापूस. सामान मात्र सगळं पगारातून विकत आणलेलं. दवाखान्यातली चिंधीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. घरात पातेलं एकच. आधी त्यात भात व्हायचा, मग तेच घासून आमटी. आणि गाड्या कपाटभर!

दवाखान्यातही त्यांचं तेच. सुई टोचायच्या आधी पोराच्या कानाशी शिट्टी फुंकायच्या. पोरगं दचकून गाडी शोधायला लागे, तोवर सुई बाहेर. म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची, "बाई, आमालाबी शिट्टी वाजवा की." लग्न त्यांनी केलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "कुनी मागणी घातली न्हाई का?" तर म्हणाल्या, "घातली की. पण पलंग भिंतीकडे सरकवा म्हणाला."

मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायची. मला बोलता येत नाही फारसं, त्यांनाही ते चालायचं. गाड्यांशी मात्र त्या भरभरून बोलायच्या. "दमलीस का गं? घाटात धाप लागली का?" हे ऐकलं की मी आतल्या आत जळायची. माणसानं माणसाचा हेवा करावा, मी पत्र्याच्या इंजिनाचा करायची. त्यातही निळ्या डब्यांची एक पॅसेंजर होती. ती बोगद्यातून बाहेर आली की वाटायचं, ही आपली असावी. आमच्या घरात माझं म्हणावं असं काही नाही. टीव्ही मालकांचा, कपाट मुलाचं, पोळ्यांचा तवा अजून सासूबाईंचा.

मग बाईंचं रिटायर व्हायचं ठरलं. क्वार्टर सोडायचं आणि श्रीरामपूरला धाकट्या बहिणीकडे राहायचं. बहिणीनं एक खोली दिली, खोलीत एक फळी. फळीवर दोन गाड्या मावतील, बाकीच्या वाटून टाकायच्या. दुसरं कुणी असतं तर टोपलीत भरून पोरांना वाटल्या असत्या. बाईंनी काय करावं? त्यांनी स्थळं बघायला काढली! ज्याला गाडी हवी त्यानं विचारायचं, मग बाई त्याचं घर बघायला जाणार. आणि सोबत करवली म्हणून मी.

काय सांगू ते कार्यक्रम! लोक खरंच पोहे करायचे. बाई टेपनं कोनाडा मोजायच्या, भिंतीला ओल आहे का ते हात लावून बघायच्या, मांजराची चौकशी करायच्या. पिठाच्या गिरणीवाल्यांनी काचेचं नवं शोकेस दाखवलं. बाई म्हणाल्या, "आत ठेवून कुलूप लावणार?"

"मग! धूळ न्हाई बसायची," गिरणीवाले म्हणाले.

"चालवणार कधी?"

"चालवायची कशाला? मोडंल की."

बाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "आमची मुलगी काम करणारी आहे. नुसतं बसून राहणं तिला जमायचं नाही." गिरणीवाल्यांची सून तोंडाला पदर लावून आत पळाली. मालगाडी शेवटी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे गेली, कारण त्याच्या आईनं विचारलं होतं, "हिला तेल कंच्या वाराला घालायचं?"

मी प्रत्येक घरी पोहे खाल्ले आणि प्रत्येक घरी जळले. ज्यांना बोगद्यातलं वळण ठाऊक नाही त्यांच्या घरी गाड्या चालल्या होत्या, आणि मला बाई एका शब्दानं विचारत नव्हत्या. मी घरची फळी रिकामी केली. डबे खाली उतरवले, धुऊन पुसून वर कागद अंथरला. मालक म्हणाले, "कुनी पाव्हनं येनार हायती का?" मी म्हटलं, "न्हाई." बाई अधूनमधून येऊन त्याच फळीखाली बसून चहा प्यायच्या. एकदा वर बघितलं आणि म्हणाल्या, "फळी बरी मोकळी झाली. लोणच्याच्या बरण्या ठेव." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शेवटी पॅसेंजरलाही स्थळ आलं. नदीपलीकडच्या एका शाळेतल्या बाई. घर स्वच्छ, बोलणं गोड, वर खोबरं घातलेले पोहे. परत येताना पुलावर सिस्टरबाई म्हणाल्या, "स्थळ चांगलं आहे. रविवारी चर्चहून आले की होकार कळवते."

माझ्या तोंडून निघालं, "त्यांच्या फळीला वाळवी लागंल."

"मी बघितली. सागाची आहे."

"मग लागू द्या की!"

बाई थांबल्या. "तुला गं काय झालं?"

"काय व्हायचंय? माझी गाडी चाललीया."

"तुझी? तू मागितलीस कधी?"

"मागायची कशी? द्यायची तुमी. आमच्यात मुलीकडचे येत्यात दारात."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बये, आमच्यात मुलाकडच्यांनी मागणी घालायची असते! आपण होऊन द्यायला गेले तर मुलीत खोट आहे म्हणतील. किती दिवस तुझ्या फळीखाली चहा पितेय मी! बरण्यांचं बोलले, म्हटलं आता तरी तोंड उघडेल."

मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. आम्ही कठड्याला टेकून हसत होतो.

"घाल आता मागणी," बाई म्हणाल्या. "नीट, रीतीनं."

मी डोक्यावर पदर घेतला. जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. "तुमची निळी पॅसेंजर आमाला द्या. रोज चालवीन."

बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "विचार करून कळवते." आणि खरंच दोन दिवस कळवलं नाही! मग रविवारी चर्चहून परस्पर आमच्याकडे आल्या, पांढऱ्या साडीच्या पदराखाली इंजिन घेऊन.

आता रोज दिवेलागणीला गाडी आमच्या मधल्या घरातून सुटते. मालक पाय वर घेऊन बसतात. श्रीरामपूरहून बाईंचा फोन येतो, "सुटली का?" मी म्हणते, "सुटली." मागून त्यांच्या बहिणीच्या भांड्यांचा आवाज येतो आणि मला त्या बहिणीचा असा हेवा वाटतो की विचारू नका.

बाई श्रीरामपूरला गेल्या त्या दिवशी टेम्पोत पुढे बसल्यावर त्यांनी लगेच दार ओढलं नाही. माझ्याकडे बघत बसल्या. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, "निघायचं का बाई?" मी हात हलवत उभी होते. लेकीच्या लग्नापासून आमच्या घरची मागची खोली रिकामीच आहे. ती दाखवायला बाईंना घरात बोलवावं, इथंच राहा म्हणून मागणी घालावी, हे मला टेम्पो पुलावर गेल्यावर सुचलं.