बारा व्होल्टचे साडूबुवा

चालू असलेल्या वस्तूवर माझ्या साडूंइतका संशय घेणारा माणूस या जगात दुसरा झाला नसेल. बंद पडलेल्या वस्तूबद्दल त्यांची काही तक्रार नसते. बंद पडलेली वस्तू निदान प्रामाणिक असते, असं ते म्हणतात. पण एखादी वस्तू ‘मस्त चाललीय’ असं कुणी म्हटलं रे म्हटलं, की यांचा हात चष्म्याकडे गेलाच. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. फरीदाबादच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्याच्या खात्यात उभी हयात गेली, नोकरी अजून चालूच आहे. राहणंही तिकडेच; आम्ही इकडे राजधानीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वयानं ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, तरी आम्ही एकमेकांना ‘साडूबुवा’च म्हणतो, आणि तसं म्हणताना समोरच्याची थोडी टिंगल केल्याचं समाधान दोघांनाही मिळतं.

या संशयाचं मूळ एका एसएमपीएसमध्ये आहे. कंप्यूटरच्या डब्यात, जिथे मागून वायर खुपसतात तिथे, एक लोखंडी पेटी असते. भिंतीतली वीज घेऊन ती आतल्या नाजूक मंडळींना बारा व्होल्ट, पाच व्होल्ट अशी बेताबेतानं वाढते. बहुतेक माणसं या पेटीचं तोंडही न बघता जन्म काढतात. साडूंच्या पहिल्या कंप्यूटरातली पेटी मात्र एका उन्हाळ्यात, वीज जाऊन परत आल्याबरोबर, फटकन उडाली आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्क दोघांनाही घेऊन गेली. आदल्याच आठवड्यात दुकानदारानं तिची ‘टेस्ट’ केली होती. टेस्ट म्हणजे काय, तर तिच्या जाड प्लगमधल्या हिरव्या आणि काळ्या तारेच्या भोकांत कागदाला लावायची पिन वाकवून घातली, पंखा फिरला, झालं. तेव्हापासून पंखा फिरण्यावरून साडूंचं मन उडालं ते उडालंच.

त्यांच्याबरोबर नेहरू प्लेसच्या कंप्यूटर बाजारात जायची चूक मी दोनदा केली आहे. दुकानात शिरले की आधी ते दोन हातांत दोन पेट्या घेऊन, दुधी निवडावा तसे, डोळे मिटून वजन बघतात. हलकी पेटी म्हणजे आत तांब्याचा दुष्काळ, मग वरच्या कागदावर पाचशे वॉट लिहा नाहीतर पाच हजार. नंतर पिशवीतून मीटर निघतं, आणि मीटरच्या मागोमाग एक फळी. फळीवर मोटारीच्या हेडलाइटचे दोन दिवे बसवलेले आहेत. पेटीवर खरा भार टाकायचा, आणि भार असताना पिवळ्या तारेवर बारा व्होल्ट टिकतात का ते बघायचं, ही त्यांची परीक्षा. दिवे लागले की सगळं दुकान उजळून निघतं आणि बाकीची गिऱ्हाइकं डोळ्यांवर हात धरतात. एकदा एका दुकानदाराचा धीर सुटला. “अंकलजी, पंखा चल रहा है ना! और क्या चाहिए आपको?” साडू शांतपणे म्हणाले, “पंखा तो बेटा मेरे बेडरूम में भी चलता है. उससे कंप्यूटर चला लूँ?”

आमच्या घरचा कंप्यूटर मध्यंतरी विचित्र वागायला लागला होता. माझी मुलगी आर्किटेक्चर शिकते. तिनं मोठं ड्रॉइंग उघडलं की पडदा काळा. तीन मेकॅनिक आले, तिघांनीही व्हायरसवर खापर फोडलं आणि तीनदा सगळं पुसून नव्यानं भरलं. शेवटी साडू मेट्रोनं निघाले, पिशवीत मीटर, रंगीत तारांचा झुबका लटकणारी एक लोखंडी पेटी आणि दिव्यांची फळी घेऊन. असल्या पिशवीचा फोटो सुरक्षा तपासणीच्या यंत्रात कसा दिसला असेल याची कल्पना आपणच करा. तिथल्या जवानानं त्यांना बाजूला घेतलं, पिशवी उघडायला लावली आणि हे काय म्हणून विचारलं. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून साडू वीस वर्षं वाट बघत होते! अर्ध्या तासानं ते सुटले, तेव्हा तो जवान आपल्या मेव्हण्याचा कंप्यूटर वारंवार का बंद पडतो ते त्यांना विचारत होता.

“काका, बिल्कुल मध्येच ऑफ होतो. सबमिशन आहे माझं,” मुलगी रडकुंडीला आलेली. साडूंनी आमची पेटी बाहेर काढली, पिन घातली, मीटर लावलं. बारा पूर्णांक एक, म्हणजे पेटी ठणठणीत. मुलीचा चेहरा पडला. मग त्यांनी दिवे जोडले. काटा नसलेल्या त्या मीटरवरचे आकडे भराभर उतरून दहा पूर्णांक आठवर येऊन बसले. “बघ बाळा,” साडू म्हणाले, “रिकाम्या हातानं सगळेच बारा दाखवतात.” स्वतःबरोबर आणलेली पेटी त्यांनी बसवून दिली, आणि ड्रॉइंग पूर्ण झालं.

ही दृष्टी त्यांनी फक्त पेटीपुरती ठेवली असती तर माणूस सुसह्य होता. पण मंडळाच्या गणपतीत नाटकासाठी स्टेज बांधलं, तर हे कमिटीतले बारा वजनदार सभासद गोळा करून त्यांना वर उड्या मारायला लावणार. आमच्या भाचीला स्थळ आलं, तेव्हा मुलाचा पगार वगैरे कुणीतरी विचारील म्हणून यांनी तो सोडून दिला, आणि मुलाला इन्व्हर्टरची बॅटरी धरून तीन मजले चढायला लावलं. मुलगा न कुरकुरता चढला आणि वर आल्यावर “कुठे ठेवू?” एवढंच म्हणाला. “पास!” साडू सगळ्यांदेखत ओरडले. संसार छान चालला आहे दोघांचा.

गेल्या थंडीत हेच साडू आमच्याकडे येताना दुसऱ्या मजल्यावर थांबले. मी वरून बघत होतो. भिंतीवरची विजेची मीटरं वाचत असल्याचं त्यांनी छान नाटक केलं, पण एक हात कठड्यावर होता आणि खांदे वरखाली होत होते. त्याच आठवड्यात ताईंचा माझ्या बायकोला फोन आला. डॉक्टरांनी पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी करायला सांगितलं होतं, त्याला चार महिने झाले. हे जातच नाहीत. विषय काढला की कार्डिओग्रामचा कागद दाखवतात, सगळं नॉर्मल आहे म्हणतात. “रात्री मी यांचा श्वास मोजत पडते गं,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी रविवारी फरीदाबादला गेलो. कागद माझ्यासमोरही आला. तो लॅमिनेट केलेला होता!

“साडूबुवा, हा झोपवून काढला ना?”

“मग काय पळत काढतात?”

“म्हणजे पंखा फिरतोय, एवढंच कळलं.”

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. कितीतरी वेळ त्यांनी कागदाची कड अंगठ्यानं दाबून पाहिली. मग आत ताई ऐकत नाहीत ना हे बघून हळूच म्हणाले, “भार टाकल्यावर पेटी जळते कधीकधी. मी स्वतः जाळल्यात. पेटी दुसरी मिळते हो.”

वीस वर्षांत या माणसाला भीती वाटताना मी पाहिलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की मंगळवारी मी रजा घेतो, आपण तिघं जाऊ.

मंगळवारी दवाखान्यात ते आत गेले आणि ताई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. दाराआडून पट्ट्याचा घरघर आवाज येत होता. तो वाढला, आणखी वाढला. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, आणि मी तो आवाज थांबू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडत होतो. बऱ्याच वेळानं तो आपसूक हळू होत गेला. साडू घामानं निथळत, टॉवेल गळ्यात टाकून बाहेर आले. मागून डॉक्टरीणबाई आल्या. “दिल बिल्कुल ठीक है इनका. वज़न कम कीजिए, और इस हवा में सुबह की सैर बंद.” ताईंनी माझं मनगट सोडलं. मला इतकं हलकं वाटलं, की मी त्या बाईंना दोनदा नमस्कार केला.

बाहेर गाडीवर निखाऱ्यावर भाजलेली शकरकंदी, म्हणजे आपली रताळी, मिळत होती. साडूंनी पहिला द्रोण ताईंच्या हातात दिला, वर लिंबू स्वतः पिळलं. खाता खाता म्हणाले, “पुढच्या वर्षी रिटायर झालो की नाशिकला जाऊ म्हणतो. हिला बाग करायचीय. कधीची मागे लागलीय, मीच मनावर घेतलं नाही.” ताई चमचा हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. ते गेले तर आमचे रविवार ओस पडणार, हे मला तिथेच, त्या गाडीपाशी उभ्या उभ्या कळलं, आणि वाईटही वाटलं. पण या चार महिन्यांत त्यांच्या तोंडून ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “जाच,” मी म्हणालो, “आंब्याचं झाड लावा.”