हात खाली करा, काकू

अजून डोकं तापलेलं आहे, त्यामुळे मागेपुढे होईल, सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, हिस्टरीत पीएचडी करते. हो, हिस्टरी, आयटी नाही. इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येक काकांचं "मग नोकरीचं काय?" विचारून झालंय. युनिव्हर्सिटीत पोरांचा एक सेक्शन मी शिकवते, आणि त्या आठवड्याचा टॉपिक होता अमेरिकेत सामान्य माणसाला मत कसं मिळालं. एकोणिसाव्या शतकाची सुरुवात. त्याआधी बऱ्याच राज्यांत जमीन असेल तरच मत. मग ती अट एकेका राज्यातून गेली, साधे कारागीर, मजूर मत द्यायला लागले, मिरवणुका निघाल्या, उमेदवार लोकांना दारू पाजून मटण खिलवायला लागले. फुल जल्लोष! एक पोरगा म्हणाला, "सो इट वॉज प्रोग्रेस, राइट?" मी म्हटलं, थांब. इथे, याच पेन्सिल्व्हेनियात, टॅक्स भरणारे काळे पुरुष काही ठिकाणी मत देत होते. मग राज्याच्या नव्या घटनेत मतदाराच्या व्याख्येत 'गोरा' हा शब्द घातला आणि त्यांचं मत गेलं. बायकांना तर कोणी विचारलंच नव्हतं. पोरगा म्हणाला, "दॅट्स मेस्ड अप." आणि मी खूश, की चला, शिकवलं काहीतरी.

शनिवारी मंडळाची मीटिंग.

आमच्या मंडळात फॅमिली मेंबरशिप घेतली की नवरा-बायको दोघांनाही मत. आम्ही स्टुडंट्स, आमची फी कमी, म्हणून मत नाही. खुर्च्या मात्र आम्हीच लावायच्या, गणपतीत कचराही आम्हीच उचलायचा. यावर मी वर्षभर भांडत होते. आणि माझ्या बाजूने कोण भांडत होतं? एकच काकू. या काकू दर रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग घेतात, कम्युनिटी हॉलच्या मागच्या खोलीत. मुलं इंग्लिशमध्ये उत्तरं देतात, काकू मराठीत विचारत राहतात. खोलीचं भाडं मंडळ देतं. कमिटीला ते आता नको झालं होतं. दिवाळीला न्यू जर्सीहून मोठा ऑर्केस्ट्रा आणायचा, वर्गाचं भाडं बंद, असं त्यांचं ठरलेलं. त्या दुपारी काकूंचा वर्ग राहणार की जाणार, एवढाच प्रश्न होता.

मीटिंगच्या आधी कमिटीने स्टुडंट्सना बिर्याणी दिली. खास आमच्यासाठी! मी ताट भरताना रूममेटला म्हटलं, "हे अगदी माझ्या सिलॅबसमधलं आहे." नागपूरची आहे ती. म्हणाली, "तू जेव ना बे गुपचूप."

मग सेक्रेटरी काकांनी ठराव वाचला. स्टुडंट्सना मताचा हक्क, आणि मोजायला सोपं जावं म्हणून यापुढे एका फॅमिलीला एकच मत. दोन्ही एकाच ठरावात, एका दमात! मी उठले.

"एक मिनिट काका, म्हणजे सगळ्या काकूंचं मत गेलं?"

"गेलं कुठे? घरातच आहे."

हॉल हसला. मी म्हटलं, दोन ठराव वेगळे करा. काका म्हणाले, "अगं, तुलाच मत मिळतंय आणि तूच अडवतेस?" पुन्हा हशा. आणि काकू मागे वळून मला म्हणाल्या, "असू दे गं. पोरं खुर्च्या उचलतात, त्यांना मत का नको?" त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. इतर बायकांनीही केला. ठराव पास, आजपासूनच लागू, टाळ्या.

लगेच पुढचा विषय, वर्ग की ऑर्केस्ट्रा. आधी वर्गाच्या बाजूचे हात. काकूंनी हात वर केला. सवयीने. सेक्रेटरी काका बोटाने मोजत येत होते, तिथे थांबले.

"काकू, हात खाली करा. काकांचा धरणार आहोत."

काकूंनी शेजारी बघितलं. त्यांचे मिस्टर पाणी पीत होते. ऑर्केस्ट्राची वेळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला, कमिटीत मित्र आहेत ना सगळे! आणि माझी रूममेट? तिचाही हात ऑर्केस्ट्राला. जवळजवळ सगळ्या स्टुडंट्सचे. आयुष्यात पहिल्यांदा मंडळात मत मिळालं आणि ते पोट भरून देऊन टाकलं यार. वर्ग गेला.

काकू मोठ्याने म्हणाल्या, "अहो, माझं मत तुम्ही दिलंत ना? मग दिवाळीच्या करंज्यापण तुम्हीच करा."

सगळे खो खो हसले. काकू हसल्या नाहीत, त्यांच्या मिस्टरांनाही हसू आलं नाही. कोणीतरी चहा आला म्हणून ओरडलं.

रविवारी दुपारी मी एका कुटुंबाला एक मत हा नियम रद्द करायचा ठराव लिहिला. त्याला अनुमोदन लागतं, तेही मत असलेल्या मेंबरचं. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, कोण देतंय? सगळ्यांनी वाचलं. एक अंगठा नाही! वर्गाला येणाऱ्या मुलांच्या आई-बाबांचाही नाही. तासाभराने काकूंचा मेसेज आला, "मी दिलं असतं गं."

मी तशीच फोन घेऊन रूममेटच्या खोलीत गेले. ती लॅपटॉपवर सिरीज बघत होती. मी लॅपटॉप बंद केला.

"काहून एवढी तापतेस बे? पुढच्या वर्षी बघू ना."

"काकूंनी हात वर केला म्हणून तुला मत मिळालं. ग्रुपवर लिही, अनुमोदन."

"अगं, कमिटीवाले काय म्हणतील?"

"लिही."

ती फोन हातात घेऊन बसली. मी दारात उभी राहिले, आणि ठरवलं, ही लिहीपर्यंत इथून हलायचं नाही.